ख्रिस्ती माणसाला पाप न करता जगता येतं का? योहानाच्या एकाच पत्रात दोन उत्तरं

सायंप्रार्थना (धागाकर्ता)

योहानाचं पहिलं पत्र जेमतेम पाच अध्यायांचं. १:८ मध्ये तो म्हणतो, आपल्या ठायी पाप नाही असं म्हणणारा स्वतःला फसवतो. पान उलटलं की ३:९: जो देवापासून जन्मला आहे तो पाप करीत नाही. लेखक तोच, वाचकही तेच.

आपल्याकडच्या मंडळ्यांनी यातलं एकेक वाक्य वाटून घेतल्यासारखं दिसतं. नागपूरला स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ मध्ये स्कॉटिश मिशनचं काम उभं केलं. त्या परंपरेचं शिकवणीचं पुस्तक, वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरी, ८२व्या प्रश्नात सांगतं की आदामाच्या पतनानंतर कुणाही निव्वळ माणसाला या जन्मी आज्ञा पूर्णपणे पाळता येत नाहीत. विचाराने, शब्दाने आणि कृतीने तो त्या रोज मोडतो. तिथून यवतमाळला या, फ्री मेथडिस्ट. बुलढाण्याला जा, नाझरीन. दोघांच्याही शिकवणीत ‘संपूर्ण पवित्रीकरण’, म्हणजे पापापासून मन पूर्ण शुद्ध होणं, याच जन्मात मिळू शकतं. एवढ्याशा पट्ट्यात दोन टोकं, आणि हातात बायबल तेच.

मत मांडा, पण वचन दिलंत तर त्याच्या आगचंमागचंही वाचून द्या. सुटं वचन फेकून पळू नका.

प्रश्नोत्तरी

नाही, येत नाही. सरळ पुरावा प्रभूच्या प्रार्थनेत आहे. मत्तय ६:११ मध्ये आजची भाकर, लगेच ६:१२ मध्ये ‘आमची ऋणे सोड’, आणि मध्ये ‘आणि’ आहे. भाकर रोजची, तर ऋणही रोजचं. ज्या दिवशी एखाद्याला दुसरी ओळ गाळावीशी वाटेल, त्या दिवशी त्याने पहिलीही गाळावी.

‘संत मंडळी ती ओळ केवळ नम्रतेपोटी म्हणतात, खरं म्हणजे त्यांना गरज नसते,’ ही पळवाट जुनी आहे. माणूस स्वतःच्या बळावर पाप न करता जगू शकतो म्हणणाऱ्या पेलागियसच्या मतांविरुद्ध ४१८ साली कार्थेजच्या सभेने नियम केले, त्यात नेमकी हीच पळवाट बंद केली: संतसुद्धा ती ओळ खरी मानूनच म्हणतात.

याकोब ३:२ मध्ये ‘आपण सगळेच’ पुष्कळ गोष्टींत चुकतो असं आहे. याकोब स्वतःला वगळत नाही. आणि पाप म्हणजे फक्त आज्ञा मोडणं नव्हे, आज्ञेला कमी पडणं हेही पाप (त्याच प्रश्नोत्तरीचा प्रश्न १४). याकोब ४:१७ प्रमाणे चांगलं काय ते कळूनही न करणं तेच. आता सर्वांत मोठी आज्ञा घ्या: पूर्ण अंतःकरणाने, पूर्ण जिवाने, पूर्ण बुद्धीने, पूर्ण शक्तीने देवावर प्रीती. चार वेळा ‘पूर्ण’. आयुष्य राहू द्या, सलग एक तास कुणी करून दाखवावी.

वऱ्हाडी_वेस्ली

तुम्ही व्याख्याच अशी केलीत की उत्तर त्यातच आलं. कमी पडणं म्हणजे पाप म्हटलं, तर थकून प्रार्थनेत डुलकी लागणारा म्हातारा आणि ठरवून भावाची जमीन लाटणारा एकाच ओळीत बसतात. बायबल त्यांना एका ओळीत बसवत नाही. लेवीय ४ मध्ये चुकून घडलेल्या पापाला अर्पण आहे. गणना १५:३० मध्ये उद्दामपणे केलेल्या पापाला अर्पण नाहीच. तो माणूस लोकांतून छाटला जातो.

मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने ख्रिस्ती पूर्णतेवरच्या १७६६च्या पुस्तकात हाच फरक केला. खऱ्या अर्थाने पाप म्हणजे माहीत असलेली आज्ञा जाणूनबुजून मोडणं. नकळत घडलेल्या उल्लंघनालाही ख्रिस्ताचं रक्त लागतंच, हेही त्याने त्याच जागी लिहून ठेवलं. हे दुसरं वाक्य त्याचे टीकाकार नेहमी गाळतात. अज्ञान, चुकीचा अंदाज, देहाची दुर्बलता, मोह येणं, यांतून या जन्मी सुटका होते असं तो म्हणतच नाही.

मत्तय ५:४८ ‘पूर्ण व्हा’ हे कशानंतर येतं? शत्रूवर प्रीती करा, देव चांगल्यावाईटांवर सूर्य उगवतो, यानंतर. लूक ६:३६ मध्ये तेच वचन ‘दयाळू व्हा’ असं आहे. मत्तयमधल्या ‘पूर्ण’साठीचा ग्रीक शब्द तेलेओस. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात ‘अनुवाद’ या पुस्तकात १८:१३ला इब्री ‘तामीम’साठी हाच शब्द आहे. तामीम म्हणजे अव्यंग, अखंड, आत एक बाहेर एक नसलेला. नोहाला (उत्पत्ती ६:९) तामीमच म्हटलंय, आणि पुढे तो दारू पिऊन तंबूत उघडा पडला. म्हणजे या शब्दाचा अर्थ ‘कधीच न चुकणारा’ असा नाही.

प्रश्नोत्तरी

नोहाचं उदाहरण तुमच्या बाजूचं की माझ्या?

गावठी_ग्रीक

३:९वर सर्रास दिलं जाणारं उत्तर आधी निकालात काढू. ‘तिथे वर्तमानकाळ आहे, म्हणजे तो पाप करत राहत नाही, सवयीने करत नाही, २:१ मध्ये वेगळा काळ आहे, म्हणजे एखाद्या वेळी घडलेलं पाप.’ काही इंग्रजी आवृत्त्यांत हे भाषांतरातच घुसवलंय, आणि प्रवचनांत तर त्याचा नुसता सुळसुळाट आहे.

हा खांब पोकळ आहे. ५:१६ पाहा: कुणी आपल्या ‘भावाला’ मरणाकडे न नेणारं पाप करताना पाहिलं तर त्याच्यासाठी मागावं. तिथलं क्रियारूप ‘हामार्तानोन्ता’, वर्तमानकाळीच. वर्तमानकाळाने सवय ठरत असेल तर इथे भाऊ सवयीने पाप करतोय, आणि तो भाऊच आहे! दोनच वचनांनंतर ५:१८: देवापासून जन्मलेला पाप करीत नाही, तोच काळ. दोन वचनांच्या अंतरात काळाचा अर्थ बदलत नसतो.

मला मराठी भाषांतर जास्त मोलाचं वाटतं. ३:९चा उत्तरार्ध आपल्याकडे ‘त्याच्याने पाप करवत नाही’ असा आहे. ‘करता येत नाही’ असं नाही! ‘माझ्याने हे बघवत नाही’ म्हणणाऱ्याचे डोळे शाबूत असतात. ‘त्याच्याने खोटं बोलवत नाही’ म्हणजे जीभ अडते असं नव्हे, आतून कुणीतरी हात धरतं. योहान कारण देतो तेही असंच: देवाचं बीज त्याच्यात राहतं. मात्र भाषांतरातली छटा मुळावर लादायची नसते. ग्रीकमध्ये साधं ‘ऊ दुनाताय’ आहे, शक्य नाही, एवढंच. कठोर वाक्य आहे ते, मऊ करण्यात अर्थ नाही.

वसईचा_वारा

तुम्ही दोघंही एक साधी तर्कातली गोष्ट सोडताय. ‘प्रत्येक पाप टाळता येतं’ आणि ‘सगळी पापं टाळता येतात’ ही दोन वेगळी विधानं आहेत. करिंथकरांस पहिलं पत्र १०:१३ पहिलं विधान करतं: प्रत्येक मोहाबरोबर निभावण्याची वाट असते. दुसरं नाही करत.

मध्ययुगातला कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्वायनस याने हे फोडून सांगितलंय. कृपेत असलेला माणूस मोठी, आत्म्याला मारणारी पापं टाळू शकतो. बारीकसारीक पापं एकेकटी घेतली तर तीही टाळता येतात, पण सगळी नाही. कारण एका ओढीवर पहारा ठेवताना दुसरी मागच्या दाराने शिरते. फलंदाज बघा. ज्या चेंडूवर बाद झाला तो चेंडू खेळता आला असता, हे नेहमी खरं असतं. तरी जन्मभर नाबाद राहिलेला कुणी नाही. आणि ‘बाद होणं अटळच होतं’ म्हणून त्या फटक्याची चूक माफ होत नाही.

कॅथलिक चर्चच्या त्रेंतच्या सभेने जानेवारी १५४७ मध्ये एकाच यादीत दोन्ही टोकं नाकारली. नीतिमान ठरलेल्याला आज्ञा पाळणं अशक्य आहे म्हणणारा चूक (नियम १८), आणि देवाच्या खास कृपादानाशिवाय, जे चर्च मरियेबाबत मानतं, जन्मभर क्षम्य (बारीकसारीक) पापंसुद्धा टाळता येतात म्हणणारा चूक (नियम २३).

मोठं पाप ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: विषय गंभीर, पूर्ण जाणीव, पूर्ण संमती. एक जरी नसली तर ते त्या वर्गात जात नाही. म्हणजे वेस्लीवाले जे मागताहेत, जाणूनबुजून मोठं पाप न करता जगणं, ते कॅथलिक शिकवणीत साध्या विश्वासणाऱ्यालाही शक्य आहे. त्याला ‘पूर्णता’ म्हणायची घाई मात्र आम्ही करत नाही.

वऱ्हाडी_वेस्ली

फलंदाजाचा दाखला आवडला, पण उलटतो. आम्ही जन्माची सरासरी सांगतच नाही. हा डाव, आजचा दिवस. आजच्या दिवसात येणारे मोह मोजकेच असतात. आज टाळता येतं, उद्याही ‘आज’च असणार. मग नेमक्या कुठल्या दिवशी देवाची कृपा कमी पडते, तो दिवस दाखवा.

वसईचा_वारा

कृपा कमी पडत नाही, लक्ष कमी पडतं. डाव लांबला की पंचविसाव्या षटकातला चेंडू चौथ्या षटकातल्यासारखाच असतो, बॅट धरणारा तसाच राहत नाही.

काठावरचा

बाहेरून वाचतोय, माफ करा. आम्हाला तर एवढंच दिसतं की शनिवारी फादरपुढे कबुली, सोमवारी पुन्हा तेच. मग पाप टाळायची गरज काय उरली?

वसईचा_वारा

प्रश्न रास्त आहे. कबुली (आमच्याकडे कुमसार) नुसती यादी वाचणं नव्हे. पश्चात्ताप नसेल आणि ते पाप पुन्हा न करण्याचा निश्चय नसेल, तर पापमुक्तीचे शब्द उच्चारले तरी ती लागू होत नाही. ‘सोमवारी करणारच आहे’ असं मनात ठरवून आलेल्याची कबुली फोल. ‘सोमवारी पुन्हा पडेन की काय’ अशी भीती असलेल्याची चालते. भीती आणि बेत यांत फरक आहे.

रोजच्या पातळीवर जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची रीत वापरतात. पाच टप्पे: आभार, प्रकाशासाठी विनंती, उठल्यापासूनचा तासातासाचा आढावा, क्षमा, सुधारण्याचा निश्चय. शिवाय एक खास परीक्षण, एका वेळी एकाच दोषाचं. सकाळी उठताना त्या दोषाचा निश्चय; घडला की छातीवर हात; दुपारी आणि रात्री मोजून रेषेवर तितके ठिपके. दिवसाला दोन रेषा, आठवड्याच्या सात जोड्या. मग दुपारची रात्रीशी, आजची कालशी, या आठवड्याची गेल्याशी तुलना. रविवारची रेषा सर्वांत मोठी, पुढच्या लहान होत जातात. पण सातव्या दिवशीही रेषा आखलेली आहे, ही गंमत बघा.

यात बिघडतं ते दोन्हीकडून. काही जण तीन महिन्यांत कंटाळून ढोबळ ‘रागावलो, खोटं बोललो’वर येतात, तिथे सुधारणा थांबते, कारण ढोबळ दोषाचे ठिपके मोजता येत नाहीत. दुसरे संशयाच्या आहारी जातात. संमती दिली की नाही, हेच रात्रभर उकरत बसतात. अशांना जुनी, सांगून झालेली पापं पुन्हा सांगायला अनुभवी फादर मनाई करतात, आणि ते बरोबरच आहे.

प्रश्नोत्तरी

बिघडण्याचंच बोलायचं तर पूर्णतेच्या शिकवणीचा इतिहास उघडा. १७६२-६३ मध्ये लंडनच्या मेथडिस्टांत थॉमस मॅक्सफील्ड आणि जॉर्ज बेल यांनी ‘पूर्ण झालेल्यांना’ देवदूतांच्या पंक्तीला नेऊन बसवलं. बेलने तर जगाचा शेवट २८ फेब्रुवारी १७६३ला होणार म्हणून जाहीर केलं. १ मार्च उजाडला.

हा योगायोग नव्हता. ‘मी पाप करत नाही’ असं एकदा जाहीर केलं की पुढच्या प्रत्येक पापाला नवं नाव शोधावं लागतं. राग हा ‘आवेश’ होतो, हेका हा ‘आत्म्याचं मार्गदर्शन’ होतो. सुधारण्याचा रस्ताच बंद, कारण सुधारायला काही शिल्लक नाही. रोमकरांस ७ मधला ‘जे करू नये तेच करतो’ म्हणणारा पौल निदान आजाराचं नाव तरी घेतो.

वऱ्हाडी_वेस्ली

बेलची भविष्यवाणी वेस्लीने जाहीरपणे झिडकारली होती. आणि स्वतः पूर्ण झाल्याचा ठाम दावा त्याने कधी केला नाही. शिकवण आणि तिची विकृती एकाच मापाने मोजू नका. तुमच्याकडेही ‘आपण पापीच’ म्हणत आळसाने बसलेले कमी नाहीत.

मेथडिस्टांनी यावर उपाय २५ डिसेंबर १७३८लाच लिहून ठेवला होता, बँडचे नियम. लहान गट, आठवड्यातून एकदा, प्रत्येकाला प्रश्न: मागच्या भेटीनंतर कोणतं माहीत असलेलं पाप केलंत? कोणते मोह आले? सुटका कशी झाली? आणि पाप आहे की नाही याची शंका असलेलं काय विचारात, बोलण्यात, कृतीत आलं? हा चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. माझ्या व्याख्येतलं छिद्र, ‘मला माहीतच नव्हतं’, तो बुजवतो. बेलसारखे बिघडतात ते हे प्रश्न बंद झाल्यावर. पहिला प्रश्न वाचून कुणी म्हणेल, पूर्णता शिकवणारेच दर आठवड्याला पाप विचारत होते! होय, विचारत होते, आणि ‘काही नाही’ हेही प्रामाणिक उत्तर असू शकतं असं मानत होते.

रोमकरांस ७ बद्दल: तो ‘मी’ तारण न झालेला आहे असं धर्मपंडित ऑगस्टीनही सुरुवातीला मानत होता. पेलागियसशी वाद पेटल्यावर त्याने मत फिरवलं. ८:२ लगेच पुढे आहे: पापाच्या नियमातून मुक्त केलं. ७:१४ मध्ये ‘पापाला विकलेला’, ६:१४ मध्ये ‘पाप तुमच्यावर सत्ता चालवणार नाही’. एकाच माणसाचं एकाच वेळचं वर्णन कसं होणार?

गावठी_ग्रीक

होऊ शकतं. सत्ता जाणं आणि घरातून जाणं वेगळं. ७:२५चा उत्तरार्ध तर सुटकेच्या उपकारस्तुतीनंतर येतो: मनाने देवाच्या नियमाची, देहाने पापाच्या नियमाची सेवा. तुमच्या अर्थात ते वाक्य त्या जागी बसत नाही.

वऱ्हाडी_वेस्ली

ते वचन अवघड आहे, मान्य. मग लूक १:६चं काय? जखऱ्या आणि अलीशिबा प्रभूच्या सर्व आज्ञा आणि विधी पाळण्यात निर्दोष होती. लूकचं वाक्य आहे, त्यांचा स्वतःचा दावा नव्हे.

प्रश्नोत्तरी

बाराच वचनं पुढे जा. १:१८ला जखऱ्या, मुलगा होईल म्हणणाऱ्या गब्रिएल देवदूताकडे खूण मागतो, १:२०ला विश्वास न ठेवल्यामुळे मुका होतो. निर्दोष माणसाला शिक्षा कसली?

वसईचा_वारा

पण मग बाळाचं नाव ठेवेपर्यंत तोंडून शब्द नाही. याकोब ३:२चा पूर्वार्ध प्रश्नोत्तरींनी पहिल्याच प्रतिसादात दिला, उत्तरार्ध राहिला: बोलण्यात जो चुकत नाही तो पूर्ण माणूस. तिथेही शब्द तेलेओसच. तेवढे महिने जखऱ्या वेस्लीवाल्यांच्या यादीत धरायला हरकत नसावी.

प्रश्नोत्तरी

१:६३ वाचा. पाटी मागून घेतली होती त्याने. हात मोकळे होते.