चाकाखालच्या त्या लाकडाला म्हणायचे काय?

कुळागर :
एका जुन्या छायाचित्राखालची ओळ मराठीत करायची आहे आणि दोन शब्दांशी अडलो आहे. चित्रात गोव्यातल्या कुठ्ठाळीच्या फेरी धक्क्याच्या उतारावर उभी असलेली लाकडी बांध्याची, नाकवाली बस आहे. मागच्या चाकाशी क्लीनर वाकला आहे आणि त्याच्या हातात तिकोनी लाकूड आहे. मूळ ओळ : 'क्लीनर चॉकिंग द निअरसाइड रिअर व्हील, लो टाइड, कुठ्ठाळी'. मी केली ती : 'ओहोटीच्या वेळी जवळच्या बाजूच्या मागील चाकाला पाचर मारताना क्लीनर, कुठ्ठाळी'. संपादकांनी 'पाचर' खोडली. पाचर फटीत मारतात, चाकाला नव्हे, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी 'चाकाखाली दगड लावताना' सुचवले आहे, पण चित्रात दगड नाही, लाकूड आहे.

कमानपाटा :
पाचरीबाबत संपादकांचे बरोबर. कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की पाचर ठोकतात, ओंडका फोडायला पाचर ठोकतात. ती दोन्ही बाजूंनी आवळली जाते म्हणून धरते. चाकाखालचे लाकूड ठोकायचे नसते, नुसते सरकवायचे असते. चाक त्यावर चढू पाहते आणि स्वतःच्याच भाराने त्याला जमिनीवर दाबून धरते. दोन्ही लाकडे तिकोनी दिसतात, म्हणून गोंधळ होतो. घाटावर या लाकडाला 'उटी' म्हणतात. उटी लाव, उटी काढ. उसाच्या ट्रॉल्यांना आजही लावतात. क्रियापद 'लावणे'. 'मारणे' नको.

'जवळच्या बाजूच्या' तर पूर्ण चूक आहे. जवळ म्हणजे छायाचित्रकाराच्या जवळ नव्हे. घोड्यावर डावीकडून बसायची रीत, म्हणून घोड्याची डावी बाजू ती जवळची, उजवी ती लांबची. तोच शब्द इंग्रजीत मोटारीला चिकटला. डावीकडून चालणाऱ्या रस्त्यावर ती कडेची बाजू, म्हणजे डावी. आपल्या गॅरेजात तिला 'क्लीनर साइड' म्हणतात, समोरची ती 'ड्रायव्हर साइड'. शब्द तयार आहे, तोच वापरावा.

पाणंद :
'उटी' गोव्यात चालणार नाही. इथल्या वाचकाला उटी म्हटले की देवाला लावतात ती चंदनाची उटी आठवते, आणि तिचेही क्रियापद 'लावणे'च! 'चाकाला उटी लावताना क्लीनर' वाचून लोक समजतील की दसऱ्याची गाडीपूजा चालली आहे. इथे तोंडी वापरात 'रोदाक फातर लाय', म्हणजे चाकाला दगड लाव, असेच ऐकू येते. लाकूड असले तरी फातरच. संपादकांनी दगड सुचवला तो त्यामुळेच असणार.

कमानपाटा :
पाणंदबाब, तुमचा आक्षेप खरा आहे, पण उत्तर सोपे आहे. 'चाकाला' ऐवजी 'चाकाखाली' म्हणा. चंदनाची उटी कोणी खाली लावत नाही.

पागोळी :
गोव्यात एक म्हणतात, घाटावर दुसरे, आणि दोन्ही ठिकाणी घोळ होतो. मग सरळ 'चक्ररोधक' का नको? अर्थ पहिल्या वाचनात कळतो. 'गतिरोधक' रस्त्याकडेच्या पाट्यांवर रंगवला गेला आणि रुजला. एसटीने 'चालक', 'वाहक', 'थांबा', 'स्थानक' बसच्या आत-बाहेर लिहिले, ते रुजले. छापलेल्या ओळीत नीट शब्द दिला नाही तर तो रुजणार कुठून?

डबलबेल :
गतिरोधक पाटीवर रुजला. जिभेवर अजून स्पीडब्रेकरच आहे. वाहक आसनाच्या वर लिहिलेला असतो आणि त्याच्याखाली बसलेल्या माणसाला सगळे कंडक्टर म्हणतात. शिवाय 'वाहक' म्हणजे वाहून नेणारा. वाहून नेते ती बस. कंडक्टर तिकीट फाडतो, एक घंटी देऊन थांबवतो आणि दोन घंट्या देऊन सोडतो. शब्द कामाला धरून नाही, म्हणून तो पाटीपुरताच उरला. 'चक्ररोधक' वाचून मला ब्रेक वाटला. चाक रोधतो तो ब्रेकच की.

पागोळी :
वापर हाच निकष धरला तर उद्या 'स्टेपनी'लाही शब्दकोशात मानाची जागा द्यावी लागेल.

डबलबेल :
द्यावीच. स्टेपनी हे वेल्समधल्या लानेली गावातल्या रस्त्याचे नाव. १९०४ च्या सुमारास तिथे जादा चाक बनवू लागले. ती आजच्यासारखी पूर्ण चाकाची बदली नव्हती. आऱ्या नसलेली कडी आणि त्यावर फुगवलेला टायर एवढेच, ते पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून पकडींनी आवळायचे. त्या काळी चाक गाडीवरून सहज निघत नसे, म्हणून ही सोय. पुढे नटबोल्टांवरची चाके आली, ती वस्तू गेली, आणि नाव आपल्याकडे नव्या वस्तूवर बसून राहिले. 'अतिरिक्त चाक' म्हटले तर मागच्या जोडचाकातले दुसरे चाक की टपावरचे, हा प्रश्न पडतो. स्टेपनी म्हटल्यावर पडत नाही.

ओहोटी :
शब्दावर भांडण्याआधी चित्रातले काम नीट पाहू. कुळागरबाब, बसचे तोंड नदीकडे आहे की रस्त्याकडे? उतार नदीच्या दिशेला जातो. बस बोटीत जायला थांबली असेल तर लाकूड चाकाच्या पुढे लागते. बोटीतून वर येत असेल तर मागे. 'चाकामागे' की 'चाकापुढे' हे त्यावर ठरेल.

मागचेच चाक का, तर भार मागे असतो आणि इंजिनाची ओढही मागच्याच चाकांना असते. इंजिन बंद करून पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये ठेवले की बस धरते, पण कोरड्या रस्त्यावर. धक्क्याच्या उतारावर भरतीची रेघ असते तिथून खाली शेवाळ. एक मागचे चाक शेवाळावर आले की ते घसरते. डिफरन्शिअल, म्हणजे मागच्या दोन चाकांत जोर वाटणारा गिअरसंच, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, त्यामुळे घसरणाऱ्या चाकाला जेवढी पकड, तेवढीच दुसऱ्याच्या वाट्याला येते. गिअरचा भरवसा तिथे संपतो. हँडब्रेकचे लायनर झिजलेले, वायर ताणलेली, त्यात ड्रमला पाणी लागलेले. म्हणून लाकूड.

ओहोटीचा उल्लेख ओळीत ठेवाच. ओहोटीला बोट खाली बसते आणि धक्क्याचा उघडा पडलेला चिकट भाग वापरावा लागतो. नाकवाल्या बसचे शेपूट मागच्या चाकांच्या बरेच पलीकडे जाते. बोटीची फळी आणि उतार यांच्यात कोन पडला की मागची शिडी नाही तर बंपर खाली घासतो. तेव्हा फळीच्या तोंडाशी जाड पाट टाकून कोन मोडायचा, त्यावरून बस अगदी सावकाश न्यायची. पाट सरकू नये म्हणूनही हेच लाकूड लागते.

बोटीत शिरल्यावर मात्र एका बाजूने भागत नाही. बोट पुढेही डोलते आणि मागेही, म्हणून एकाच चाकाला दोन्हीकडून लावायचे. ओल्या लोखंडी पत्र्यावर गुळगुळीत लाकूड सरकते. खाली गोणपाटाचा तुकडा घालायचा.

कमानपाटा :
ओहोटीबाबांनी नेमके सांगितले. मापाचे थोडे माझ्याकडून. ९.००-२० मापाचा बसचा टायर उभा धरला तर साधारण १ मीटर भरतो. उटीची उंची त्याच्या पावपट, म्हणजे २० ते २५ सेंटीमीटर हवी. तीन-चार बोटांचे लाकूड भरलेली बस सहज ओलांडते. चाकाला टेकणारी बाजू किंचित खोलगट तासली तर टायर पूर्ण टेकतो. लाकडाची रेघ तळाच्या लांबीने जायला हवी. आडव्या रेघेचे लाकूड घेतले तर पुढची पातळ जीभ पहिल्याच दाबाला तुटते आणि राहिलेला ठोकळा मागे ढकलला जातो.

दगडाचे दोष वेगळे. नदीतला गोटा गोल, तो चाकाबरोबर लोळतो. जांभ्याचा चिरा चौकोनी, पण भिजला की त्याची कड भाराखाली कुटते. 'फातर लाय' हे शब्द म्हणून ठीक, वस्तू म्हणून लाकूडच चांगले. म्हणूनच चित्रातल्या लाकडाला दगड म्हणू नये.

काढताना चुका होतात त्या घाईने. भार उटीवर असताना ती लाथेने वा हातोडीने काढायची नसते. ड्रायव्हरने पायब्रेक दाबून, क्लच अर्धा सोडून बस चढाच्या बाजूला बोटभर हलवायची. मग उटी आपोआप सैल होते. ती दोरीने बाजूला ओढायची, आणि क्लीनरने चाकाच्या रेषेत उभे राहायचे नाही.

पागोळी :
हे सगळे वाचून माझे मत उलट पक्केच झाले. एवढे विचारपूर्वक केलेले साधन, त्याला स्वतःचे नाव हवेच. 'लाकूड' म्हणून भागत नाही.

पाणंद :
नाव आहे. 'अटकण'. दाराला अटकण, गाडीला अटकण. जे पुढे जाणाऱ्याला अडवते ते. घाटावरही कळेल, गोव्यातही कळेल.

कमानपाटा :
दाराची अटकण जागच्या जागी बसवलेली असते. ही उचलून न्यायची वस्तू. तरी 'चक्ररोधका'पेक्षा बरी.

सांजफेरी :
मला शंका वेगळीच आहे. चित्रात बसचे दार डावीकडे आहे का? तसे असेल आणि बस पोर्तुगीज काळातली असेल, तर चित्र उलटे छापले गेले असावे. पोर्तुगालमध्ये गाड्या उजवीकडून चालतात.

डबलबेल :
उलटे नाही. पोर्तुगाल १९२८ मध्ये उजव्या बाजूला गेला, पण गोवा डावीकडेच राहिला. सभोवती ब्रिटिश हिंदुस्थान डावीकडून चालणारा, सीमेवर बाजू बदलणे शक्यच नव्हते. शेजारामुळे मोझांबिकही तसाच राहिला. तेव्हा दार डावीकडे हेच बरोबर. आणि १९८३ मध्ये झुआरीवर पूल येईपर्यंत आगशी-कुठ्ठाळी वाहने फेरीनेच जात, त्यामुळे चित्र १९६१ नंतरचेही असू शकते. बस खाजगीच असणार. गोव्याचे सरकारी बस महामंडळ, कदंब, १९८० चे.

सांजफेरी :
मग ओळीत 'बस' तरी का? जुनी माणसे 'कारेर' म्हणत. तोच शब्द चित्राला शोभेल.

पाणंद :
'कारेर' पोर्तुगीज 'कार्रेइरा'वरून. ठरलेल्या वाटेवरची नियमित फेरी (खेप, बोट नव्हे), हा त्याचा अर्थ. फेरीचे नाव वाहनाला लागले. 'रोद'ही तिकडचाच, 'रोदा' म्हणजे चाक. खिडकीला 'जनेल', तेही 'जनेला'वरून. नदीतल्या मोटारलाँचला 'गॅसोलिन' म्हणत, म्हणजे इंधनाचेच नाव बोटीला. असे शब्द खोडून सगळीकडे 'बस', 'चाक', 'होडी' लिहीत गेलो तर गोव्याच्या मराठीचा रंग जातो.

सांजफेरी :
'कारेर' मला इंग्रजी 'कॅरिअर'वरून वाटतो. टपावरच्या जाळीला आपण कॅरिअरच म्हणतो.

पाणंद :
टपावरची जाळी कॅरिअर, पण तिच्यावरून अख्ख्या गाडीचे नाव पडायचे कारण काय? फेरी चुकते तशी कारेर चुकते. वापर फेरीचाच आहे.

पागोळी :
पोर्तुगीज शब्द रंग, आणि संस्कृत शब्द मात्र बोजड? हा न्याय कळला नाही.

पाणंद :
न्याय वापराचा. कारेर लोकांनी वापरली. चक्ररोधक आपण आत्ता बनवला.

ओहोटी :
'क्लीनर'चाही विचार व्हावा. ट्रकवाल्यांच्या तोंडी त्याचा 'किन्नर' झाला आहे. रूप अस्सल आहे, आपल्या जिभेने घडवलेले. पण छापील ओळीत नको. आजचा वाचक वेगळा अर्थ घेईल आणि चित्रातल्या माणसाबद्दल भलतेच समजेल. 'क्लीनर'च ठेवा. धुण्यापुसण्यापेक्षा त्याचे काम केवढे मोठे होते, ते चित्रच सांगते.

कुळागर :
सर्वांचे आभार. चित्र पुन्हा पाहिले. बसचे तोंड रस्त्याकडे आहे, म्हणजे ती बोटीतून वर चढली आहे आणि लाकूड चाकाच्या मागे जात आहे. आता ओळ अशी : 'ओहोटीच्या वेळी क्लीनर साइडच्या मागच्या चाकामागे अटकण सरकवताना क्लीनर, कुठ्ठाळी'. क्लीनर दोनदा येतो आणि 'मागच्या'-'मागे'ही खटकते.

डबलबेल :
'क्लीनर साइड' काढून 'डाव्या' म्हणा.

कमानपाटा :
चित्र बसच्या पुढून घेतले असेल तर बसची डावी बाजू वाचकाच्या उजव्या हाताला दिसेल. 'डाव्या' वाचून तो दुसऱ्याच चाकाकडे पाहील. क्लीनर साइडच ठेवा. आणि अटकण नको, उटीच.

पाणंद :
चंदनाची?