मदत हवी आहे: कॉलेजात शांतता आणि सामाजिक न्यायाचे उपक्रम, भाषणं आणि मेणबत्त्या सोडून काय करता येईल?

मोरपंखी
कॉलेजात शांतता आणि सामाजिक न्याय या विषयावर काम करणारा आमचा गट आहे, नियमित येणारे बाराएक जण. 21 सप्टेंबर (शांतता दिन) ते 2 ऑक्टोबर (अहिंसा दिन) या काळात उपक्रम घ्यायचे आहेत. घोषवाक्य स्पर्धा, पाहुण्यांचं भाषण, मेणबत्त्या या सगळ्याला आयोजक सोडून कुणी फिरकत नाही. डोक्यात तीन गोष्टी आहेत:
1. भेदभावावर संवादवर्तुळ. भांडणं होतील अशी धास्ती आहे.
2. कॅम्पसवरच्या कंत्राटी सफाई आणि सुरक्षा कामगारांसाठी सह्यांची मोहीम.
3. शेवटच्या दिवशी मूक फेरी.
हाताशी पैसे जवळपास नाहीत. जाणकारांनी मार्ग दाखवावा. आगाऊ आभार.

कडूलिंब
बारा जण, बारा दिवस आणि तीन उपक्रम हे गणित जमणार नाही. क्रमांक 2 हा गाभा धरा आणि बाकीचे दोन त्याच्या कामाला लावा. नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी केलेला भेद इथे उपयोगी पडतो: मारामारी नसणं ही नकारात्मक शांतता, अन्यायाची रचनाच मोडणं ही सकारात्मक. मारामारी नसलेल्या कॅम्पसवर 'शांतता हवी' असे फलक लावले तर लोक मान डोलावून पुढे जाणारच.

तारखांचा हट्टही सोडा. खुद्द संयुक्त राष्ट्रांच्या 1981च्या ठरावात शांतता दिन सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी होता, 21 तारीख 2001 साली पक्की झाली. 20 फेब्रुवारीला सामाजिक न्याय दिन असतो. सप्टेंबरात माहिती गोळा करा, मागणी फेब्रुवारीत मांडा. मधल्या पाच महिन्यांत खरं काम होतं.

सदाफुली
वर्तुळाबद्दल. भांडणाची भीती असते तिथे बहुतेक वेळा गडबड माणसांच्या संख्येत आणि प्रश्नांच्या क्रमात असते.

एका वर्तुळात 8 ते 10 जण आणि दोन सूत्रधार. दहा जण, प्रत्येकी दोन मिनिटं, तीन फेऱ्या म्हणजे तास झाला. सुरुवातीला नियम आणि शेवटी आवराआवर धरून दीड तास. वीस जण बसवलेत तर एकेक फेरी चाळीस मिनिटांची होते, दुसऱ्या फेरीत लोक मोबाईल काढतात आणि तिसरी होतच नाही. जास्त लोक आले तर दुसरं वर्तुळ करा, खुर्च्या वाढवू नका. मध्ये टेबल नको.

एखादी वस्तू हातोहात फिरवा, दगड, पेन, काहीही. ती ज्याच्या हातात तोच बोलणार. न बोलता पुढे देण्याची मुभा प्रत्येकाला, कारण न विचारता. पहिला प्रश्न हलका: 'या कॅम्पसवर तुम्हाला सगळ्यात निवांत कुठे वाटतं?' दुसरा अनुभवाचा: 'आपण इथले नाही असं कधी वाटलं?' तिसरा बदलाचा. थेट 'भेदभावाबद्दल तुमचं मत काय' असं विचारलंत की वादविवाद स्पर्धा सुरू झालीच म्हणून समजा. मताला प्रतिमत येतं, अनुभव खोडायला सहसा कुणी धजत नाही.

दोन चुका सर्रास होतात. सूत्रधार प्रत्येकाच्या बोलण्यावर शेरा मारतो, 'छान मुद्दा' वगैरे, आणि मग सगळे त्याच्याकडे बघून बोलू लागतात. दुसरी म्हणजे एखाद्या समाजातला एकच जण असतो आणि त्याला 'तुमच्याकडे काय वाटतं?' असं विचारलं जातं. तो स्वतःपुरता आलाय, साऱ्या समाजाचा प्रवक्ता म्हणून नव्हे.

आणि हो, 'ज्यांना अमुक सवलत मिळाली त्यांनी एक पाऊल पुढे या' हा खेळ कृपया टाळा. मागे राहिलेल्यांची गरिबी सगळ्यांसमोर उघडी पडते आणि धडा मात्र पुढे गेलेल्यांना मिळतो. खेळायचाच असेल तर काल्पनिक पात्रांच्या चिठ्ठ्या वाटा.

पायवाट
सह्यांच्या मोहिमेत सगळ्यात मोठा धोका तुम्हाला नाही, कामगारांना आहे. म्हणून क्रम असा ठेवा.

आधी कामगारांना विचारा की त्यांना हे हवंय का आणि नेमकं काय हवंय. पाळी संपल्यावर, मुकादम नसताना, त्यांना सोयीच्या जागी. नाव लिहायचं नाही, फोटो नाही, आवाज रेकॉर्ड करायचा नाही. पगार किती हा प्रश्न शेवटी. आधी हे: पगार ठरलेल्या तारखेला होतो का? पगारपत्रक हातात मिळतं का? साप्ताहिक सुट्टी भरपगारी आहे का? हातमोजे कोण देतं आणि फाटले तर नवे किती दिवसांत मिळतात? बसायला जागा, स्वच्छतागृह? बऱ्याचदा पगाराआधी साधं कुलूप लागणारं कपाट मागितलं जातं, आणि अशी मागणी कॉलेज लवकर मान्यही करू शकतं.

अहवालात पाचांहून कमी माणसांचा गट वेगळा दाखवू नका. 'रात्रपाळीतली महिला सुरक्षारक्षक' एकच असेल तर नाव न लिहूनही ते लिहिल्यासारखंच आहे.

मग कंत्राट. पगार ठेकेदार देतो, त्यामुळे 'आमचा संबंध नाही' हे उत्तर ठरलेलं. पण कंत्राटाच्या अटी कॉलेजच लिहितं. नवी निविदा निघण्याआधी तीन-चार महिने मागणी पोहोचली तर ती अटींत घालता येते. निविदा निघाल्यावर गेलेला कागद फायलीत पडून राहतो.

हार्वर्डमध्ये 2001 साली विद्यार्थ्यांनी कामगारांच्या वेतनासाठी प्रशासकीय इमारतीत तीन आठवडे ठिय्या दिला. लोकांना तेवढाच आठवतो. त्याआधीची निवेदनं, सभा आणि कामगारांशी जोडलेलं नातं विसरलं जातं. ठिय्या उठला तो वेतनधोरणासाठी समिती नेमण्याच्या तडजोडीवर.

मोरपंखी
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. एक अडचण आहे. 'राजकीय काही नको आणि तासांवर परिणाम नको' असं तोंडी सांगण्यात आलंय. फेरीला परवानगीच मिळाली नाही तर?

लंबक
तोंडी नकाराला काही किंमत नाही. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, मार्ग, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक नाही हे वाक्य, जबाबदार दोघांची नावं आणि नंतर कचरा कोण उचलणार एवढं हवं. नकार आलाच तर लेखी कारण मागा. 'राजकीय' शब्दावर वाद घालत बसू नका. कुठल्याही पक्षाचा झेंडा वा वक्ता नसेल हे आपणहून लिहून टाका.

तासांच्या आक्षेपाला जुना तोडगा आहे. मिशिगन विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी 1965 साली व्हिएतनाम युद्धाविरोधात एक दिवस तास बंद ठेवायचं ठरवलं होतं. विरोध झाला, तेव्हा त्यांनी 24 मार्चच्या रात्री, तासांना धक्का न लावता, पहाटेपर्यंत व्याख्यानं आणि चर्चा घेतल्या. सुमारे 3,000 लोक आले. तुम्हीही तासांनंतरची वेळ मागा.

फेरीत दर वीस जणांमागे एक स्वयंसेवक, दंडावर ठळक रंगाची पट्टी. माध्यमांशी बोलणारा एकच. संपण्याची वेळ पाळा, कारण लांबलेल्या फेरीच्या शेपटालाच कुरबुरी होतात.

कुणी डिवचलं तर स्वयंसेवकाने डिवचणाऱ्याकडे पाठ करून आपल्या माणसाकडे तोंड करावं आणि त्याला चालतं ठेवावं. बोलावंच लागलं तर जरा तिरकं उभं राहून, तळहात दिसतील असे ठेवून, हळू आवाजात. हात लावायचा नाही. हे वाचून येत नाही, सराव लागतो. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात अहिंसेचं प्रशिक्षण देणारे जेम्स लॉसन विद्यार्थ्यांकडून हेच घोटून घ्यायचे. अर्धे शिव्या देणारे, धक्के मारणारे व्हायचे आणि अर्धे शांत बसायचे. 1960 सालची तिथली धरणी त्या तयारीवर उभी होती. तुम्ही दोन तासांची दोन सत्रं तरी घ्या, भूमिका अदलाबदल करून. जो सरावातच भडकतो त्याला पट्टी देऊ नका, पाण्याची व्यवस्था द्या.

सदाफुली
लंबक यांच्याशी सहमत. भर एवढीच की सरावानंतर पंधरा मिनिटं नुसतं बोलायला ठेवा. नाटकातली शिवीसुद्धा काहींना लागते, विशेषतः ज्यांनी ती खरोखर ऐकलेली असते.

मोरपंखी
मग असं ठरवतोय: सप्टेंबरात दोन वर्तुळं आणि कामगारांशी बोलणं, फेरी फेब्रुवारीत. सह्यांचे कागद आत्ताच छापून घेऊ का?

पायवाट
नको. आधी कंत्राट कधी संपतं ते लेखा विभागाकडून काढा. जुनी निविदेची जाहिरात सापडली तर तिच्यात मुदत दिलेली असते. ती जानेवारीत संपत असेल तर फेब्रुवारीची फेरी उशिराची ठरेल आणि तुमचं सगळं वेळापत्रक मागे ओढावं लागेल. मागणीचा मजकूरही कामगारांना वाचून दाखवून मगच पक्का करा, आणि त्यांच्या सह्या त्यावर घेऊ नका.