इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर: आधी ऑपरेशन का नाही?

धाकटी_मिरज
मोठ्या जाऊबाईंसाठी विचारतेय, वय ४१. जूनमध्ये डावा स्तन लाल, गरम, जड झाला. बाळ अंगावर पीत होतं, म्हणजे दूध साकळलं असणार. शेक झाला, कोबीची पानं झाली, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. गाठ हाताला लागत नव्हती, त्यामुळे हे कुणाच्या मनातही आलं नाही. पाचव्या आठवड्यात त्याच म्हणाल्या, "अगं बघ, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालीय." मग बायोप्सी. हर-टू पॉझिटिव्ह (पेशींवर हर-टू हे वाढ करवणारं प्रथिन जास्त), ईआर-पीआर निगेटिव्ह (हार्मोनवर वाढणारा नाही). पेट स्कॅनमध्ये (कॅन्सर अंगात कुठे पसरलाय ते बघणारा स्कॅन) काखेत गाठी आहेत, त्यापलीकडे काही नाही.

डॉक्टर म्हणतात आधी सहा केमो, मग ऑपरेशन. मामंजी चिडलेत: "घर पेटलंय आणि चार-पाच महिने थांबायचं? काढून टाका." भाऊजींनी रात्री नेटवर '५ वर्षं जगणाऱ्या ४० टक्के' वाचलं, तेव्हापासून ते कुणाशी बोलत नाहीत. यातून कुणी गेलंय का?

भाकरीवाली
मी गेलेय. २०१८, उजवी बाजू, हर-टूच.

आमच्याकडे वडील अडून बसले होते. पहिल्या केमोच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी काळ्या मार्करने लाल भागाची कडा आखली आणि फोटो काढला. मला तेव्हा ते बाजारात बैलाला खूण करतात तसं वाटलं. दुसऱ्या केमोनंतर लाली रेषेच्या दोन बोटं आत आली होती. दोन्ही फोटो वडिलांपुढे ठेवले. चष्मा लावून बराच वेळ बघत बसले, मग चहा मागितला. कापायचा विषय पुन्हा निघाला नाही.

सहा केमो, सोबत ट्रास्टुझुमॅब, म्हणजे हर-टूवर नेम धरणारं औषध. त्याच्या जोडीला देतात त्या पर्टुझुमॅबचा खर्च झेपला नाही. ट्रास्टुझुमॅबही भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच इथे बनवलेलं, घेतलं. मग पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या, रेडिएशनच्या २५ खेपा झाल्या. ट्रास्टुझुमॅब दर २१ दिवसांनी, एकूण वर्षभर. ते हृदयावर ताण आणू शकतं, म्हणून दर तीन महिन्यांनी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तो चुकवू नका. नवा स्तन लगेच बनवून घ्यायचा आग्रहही नको, या प्रकारात ते नंतर बघतात.

काखेतल्या गाठी काढल्यामुळे आज हाताला सूज असते. भाकरी थापताना सुजेसाठी घातलेली दाबाची बाही पिठाने माखते, बाकी बरी आहे.

काचपट्टी
पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मामंजींना असं सांगा: यात पेशी एका गोळ्यात नसतात, कातडीतल्या बारीक लसवाहिन्यांत (लस हा अंगातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत) शिरून त्या तुंबवतात. लाली आणि सूज त्याचीच. सुरुवातीलाच कापलं तर कडेच्या कातडीत पेशी राहतात आणि टाक्यांवरच कॅन्सर परत उगवतो. केमो नव्हती त्या काळात नुसतं ऑपरेशन किंवा रेडिएशन झालेल्या १०० जणींतल्या पाचही ५ वर्षं जगत नसत. केमो, ऑपरेशन, रेडिएशन, याच क्रमाने तिन्ही व्हायला हवीत.

भाऊजींचा ४० टक्के हा आकडा अमेरिकेतला, सगळे टप्पे एकत्र धरून. आजार काखेपर्यंतच असेल तर साधारण निम्म्या, लांब पसरला असेल तर पाचात एक. शिवाय ५ वर्षांचा आकडा काढायला ५ वर्षं जावी लागतात, म्हणजे त्यातल्या बायकांचे उपचारही तेवढे जुने. ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाचा रिपोर्ट जपून ठेवा. त्यात जिवंत पेशी उरल्या नसतील तर चांगलंच. उरल्या असतील तर पुढे टी-डीएम-वन (ट्रास्टुझुमॅबला केमोचं औषध जोडलेलं) देतात का, हे विचारा.

एकटा_सातारकर
लिहू की नको असं झालं होतं. माझी बायको दोन वर्षं दोन महिने काढून गेली. उपचार सगळे वेळेवर झाले होते. हर-टूचा कॅन्सर मेंदूत जाऊ शकतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. सकाळची डोकेदुखी आम्ही तीन आठवडे चष्म्याच्या नंबरावर ढकलली. तेवढं लक्षात ठेवा. आणि भाऊजींना माझ्याशी बोलायचं असेल तर निरोप टाका, रात्री उशिरापर्यंत जागा असतो.

धाकटी_मिरज
ताई, मामंजींना फोटोची गोष्ट वाचून दाखवली. म्हणाले, "मग आपण पण आखून घेऊ." पहिली केमो सोमवारी. बाळाला आजपासून वरचं दूध सुरू केलंय, बाटली तोंडात धरत नाही, वाटी-चमच्याने पाजतेय. दादा, भाऊजींना तुमचं नाव दाखवलं. काही बोलले नाहीत, पण फोन मागून घेतलाय.