नवा ब्रिज चावताना उंच लागतो, शेजारी अन्नही अडकतं. घासून घ्यावा का?

निंबोणी:
आईला डावीकडे खाली, पहिल्या दाढेच्या जागी तीन दातांचा मेटल-सिरॅमिकचा ब्रिज बसवलाय, म्हणजे मध्ये खोटी दाढ आणि तिला धरायला दोन्ही बाजूंच्या दातांवर कॅप. मागच्या दाढेचं रूट कॅनॉल झालंय, पुढच्या उपदाढेचं नाही. पक्कं सिमेंट लावून महिना होत आला. दात मिटले की आधी तिथेच टेकतं, पोळीचा घास चावला तरी कळ येते. उपदाढेच्या पुढच्या फटीत रोज मेथीचा पाला अडकतो. डॉक्टर म्हणतात, सवय होईल. खरंच होते का?

उंबरठा:
चार दिवस नवखं वाटणं ठीक. महिनाभर उंच लागतंय म्हणजे प्रत्येक घासाचा भार आधी कॅप घातलेल्या त्या दोन दातांवर, ब्रिजच्या खांबांवर पडतोय आणि मुळांभोवतीचं आवरण ठेचतंय. घासून घ्या, पण नीट. ब्रिज कोरडा करून रंगीत कागदावर चावायला लावतात. मध्ये कोरा आणि भोवती गडद कडा असा ठिपका उठला की तो खरा उंचवटा. नुसतं टकटक करून भागत नाही, जबडा डावी-उजवीकडे सरकवून वेगळ्या रंगाचे डाग बघायचे. इंजेक्शनने बधिर असताना चावा खोटा येतो, म्हणून तेव्हा नको. शेवटी पॉलिश हवंच. सिरॅमिक खरखरीत राहिलं तर वरची दाढ झिजवतं. घासताना आतला पांढुरका अपारदर्शक थर दिसायला लागला की थांबायचं, त्याखाली धातूच आहे.

केवडा:
पाला अडकण्याचा उंचीशी संबंध नाही. फ्लॉस त्या फटीत घाला. टक् करून गेला तर दात शेजारच्याला टेकलेला आहे, अलगद गेला तर मोकळी फट आहे. ती घासून बंद होणार नाही. टेम्पररी सिमेंट असतं तर ब्रिज काढून लॅबमध्ये सिरॅमिक वाढवता आलं असतं. आता सोपा उपाय म्हणजे उपदाढेच्या पुढे जो दात आहे त्याच्या मागच्या बाजूला कंपोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) भरून फट मिटवणं. टाचणी-काडीने कोरू नका, हिरडी उतरते. मधल्या खोट्या दाताखालून मात्र सुपर फ्लॉस रोज फिरवा. त्याचं टोक कडक असतं, सुईसारखं ओवता येतं.

तांबडफुटी:
घासायच्या आधी एक बघा. मागच्या कॅपवर बोट दाबून सोडा. कडेला लाळेचे बुडबुडे येतात का? वास येतो का?

निंबोणी:
आत्ताच बघितलं. मागच्या दाढेपाशी बुडबुडे येतात. आई म्हणते, सकाळी खारट चव असते.

तांबडफुटी:
मग घासायचं थांबवा. बहुधा सिमेंट लावताना ब्रिज पूर्ण खाली बसलाच नाही. दाटसर सिमेंट किंवा कमी दाब एवढं कारण पुरतं. कडेला सिमेंटचा जाड थर उघडा राहतो, लाळेत विरघळतो, आणि मागची कॅप सुटते. पुढची घट्ट असल्यामुळे ब्रिज पडत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. त्यात ती दाढ रूट कॅनॉलची, नस काढलेली, आत कीड लागली तरी दुखणार नाही. वरून घासलं तर चावा जुळेल, कडा उघडीच राहील.

डॉक्टरांना प्रोबने (बारीक टोकाच्या हत्याराने) कडा तपासायला आणि एक्स-रे काढायला सांगा. ठोकून काढताना पुढची उपदाढ मोडू शकते, म्हणून पुष्कळदा कॅपला चीर देऊन ब्रिज कापतात आणि मग तो वाया जातो. अखंड निघाला, आतली दाढ शाबूत असली आणि सिमेंट साफ केल्यावर कडा नीट बसल्या, तरच तोच परत चिकटवायचा. त्याच वेळी लॅबमध्ये केवडा म्हणतात ती फटही भरून घ्या. नवा करायचा झाला तर मेटल ट्रायलच्या वेळीच, म्हणजे सिरॅमिक चढवण्याआधी नुसता धातूचा सांगाडा लावून बघतात तेव्हाच, कडा तपासून घ्या आणि निदान दोन आठवडे टेम्पररी सिमेंटवर वापरून बघा. तोवर घरी फेविक्विक नको, कॅप वाकडी चिकटते. डाव्या बाजूने चिक्की, चकली बंद.