बाह्यरुग्ण विभागातील प्रतीक्षा 'लीन' पद्धतीने कमी होईल का?

प्रश्न: मी ठाण्यातील एका धर्मादाय रुग्णालयात परिचारिका आहे. घोडबंदर रोडवरून सकाळी उपाशीपोटी आलेला मधुमेहाचा रुग्ण आधी केसपेपरच्या आणि मग रक्ततपासणीच्या रांगेत उभा राहतो, अहवाल मिळेपर्यंत दुपार होते आणि डॉक्टरांची भेट जेमतेम पाच मिनिटांची असते. मोटारी बनवणाऱ्या टोयोटाची 'लीन' पद्धत, म्हणजे कामातला अपव्यय शोधून कमी करण्याची पद्धत, आमच्या उपयोगी पडेल का?

उत्तर १: नक्की पडेल. टोयोटाचे अभियंते ताइची ओनो यांनी अपव्ययाचे जे सात प्रकार सांगितले, त्यांत प्रतीक्षा आहेच. सिॲटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००२ पासून ही पद्धत स्वीकारली. ताई, आधी एका रुग्णासोबत केसपेपरच्या खिडकीपासून औषधाच्या खिडकीपर्यंत स्वतः चाला आणि प्रत्येक टप्प्याची वेळ लिहून ठेवा. वाशीला आमच्याकडे असे केले, तेव्हा दिसले की तपासणीला फारसा वेळ लागतच नव्हता; नमुन्यांचा ट्रे पूर्ण भरल्याशिवाय तो प्रयोगशाळेत कोणी नेत नव्हते, त्यामुळे पहिल्या रुग्णाची नळी चाळिसाव्या नळीची वाट पाहत पडून राही. दर वीस मिनिटांनी असतील तेवढे नमुने पाठवायला लागलो आणि दुपारची गर्दी ओसरली.

उत्तर २: वरील मताशी सहमत आहे, मात्र या कामाचा वापर मनुष्यबळ कपातीसाठी होणार नाही, असे व्यवस्थापनाकडून आधीच लेखी घ्या. अडचण कुठे आहे हे वॉर्डबॉय आणि मावशींना सर्वांत आधी कळते, पण नोकरीची धास्ती असेल तर त्या बोलणार नाहीत.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. सोमवारी, सर्वाधिक गर्दीच्या दिवशी, घड्याळ आणि वही घेऊन रुग्णासोबत चालेन आणि नोंदी येथेच मांडेन.