घर धरून ठेवणारा माणूस : तुमच्या घरातला कोण? अनुभव लिहा

देवगडची लेक :

गेल्या महिन्यात आमचे दादा, म्हणजे वडील, गेले. ९३ वर्षांचे होते. तेराव्यानंतर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. वर धोतरं, चष्म्याची दोन घरं, आणि तळाशी सुतळीने बांधलेले मनीऑर्डरच्या पावत्यांचे गठ्ठे. एका वर्षाचा एक गठ्ठा. पहिली पावती १९४९ ची, ३० रुपयांची, आजीच्या नावावर.

१९४७ च्या जुलैत रामदास बोट बुडाली तेव्हा दादा सतरा वर्षांचे. आजीने बोटीने मुंबईला पाठवायचं नाव काढू दिलं नाही. पुढच्या वर्षी ते घाट चढून कोल्हापूर आणि तिथून रेल्वे असे मुंबईला पोचले. परळला गाववाल्यांच्या गाळ्यात राहिले. एका खोलीत वीस-बावीस माणसं, पण पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून पाठ टेकायला जागा मिळायची. आधी बदली कामगार. रोज गिरणीच्या फाटकावर उभं राहायचं, कुणी आला नाही तर काम, नाहीतर परत. मग साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कायम झाले. आई आणि आम्ही चार भावंडं मात्र गावीच. बाप गणपतीत यायचा आणि मे महिन्यात यायचा. आला की पहिला प्रश्न, "जेवलंस काय?" दुपारचे चार वाजलेले असले तरी हाच.

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असायचं. त्यावर दोन ओळींचा मजकूर लिहायला जागा. पैसे घेणाऱ्याला ते कुपन फाडून मिळायचं. आई २०११ साली गेली, तिचा डबा आम्ही उघडलाच नव्हता. आता उघडला. सगळी कुपनं तारेला टोचून ठेवलेली. "म्हशीचा दूध विकू नको, पोरांका दी." "थोरलेची फी भर." म्हणजे पावत्या परळला, कुपनं गावाला, आणि दोघांनीही एकमेकांना न सांगता जपलेली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. मी त्या वर्षाचा गठ्ठा सगळ्यात आधी सोडला. एकही महिना चुकलेला नाही. रक्कम तेवढी २०० वरून ६० वर, मग ४० वर. ते तेव्हा पहाटे दादरच्या बाजारात भाजीच्या गोणी उतरवत होते, हे आम्हाला कितीतरी वर्षांनी त्यांच्या एका सोबत्याकडून कळलं. कुपनावर नेहमीचंच : "मी बरो आसय." तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. दादांची नोकरी तिथेच संपली. आमच्या शाळा संपल्या नाहीत.

एक आठवण आईने सांगितलेली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. आयुष्यभर एसटीत उलट्या सोसत घाट उतरलेला माणूस कणकवलीहून पहिल्यांदा गाडीत बसला, आईला घेऊन. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. अंधार झाला आणि दादांनी आईचा हात धरला. उजेड आला तसा सोडला. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. आई हे सांगताना पदराने डोळे पुसायची.

तुमच्या घरात असं कुणी असेल, होऊन गेलं असेल, तर लिहा. मोठेपणा नको, सवयी लिहा.

कोयनाकाठ :

तुमचं वाचून हात थांबेनात, म्हणून रात्रीच लिहितोय. आमचे आजोबा पाटण तालुक्यातले, ९६ व्या वर्षी गेले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माझे वडील नऊ वर्षांचे. आजोबांनी आधी म्हातारी आई बाहेर आणली, मग तीन पोरं, मग आजी. आणि पुन्हा आत गेले, दावणीची म्हैस सोडायला. मागची भिंत त्यांच्या खांद्यावर आली. तो खांदा पुढे कधी सरळ झाला नाही.

त्या दिवसापासून ते उंबऱ्याशी झोपायला लागले. नवं घर बांधलं, वर स्लॅब पडला, तरी अंथरूण तिथंच. थंडीत आम्ही नातवंडं म्हणायचो, "आबा, आत या की." ते म्हणायचे, "मी हितं हाय म्हणून तुमी आत निवांत हायसा." दाराला रात्री कडी घालायची नाही हा त्यांचा दंडक. बाहेर पडताना वेळ जायला नको. मी पुण्याच्या फ्लॅटमध्ये अजून किल्ली कुलपालाच लावून झोपतो.

इंदूरची सून :

माझे सासरे. राजवाड्यामागच्या जुन्या वाड्यात जन्मले आणि तिथेच ८९ व्या वर्षी गेले. सरकारी कचेरीत कारकून. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. अकरा वर्षं त्या अंथरुणात होत्या. बाई ठेवू म्हटलं तर म्हणाले, "तिला परक्या हाताचा संकोच वाटतो."

त्यांना सगळं यायला लागलं. कूस बदलणं, पाठीला पावडर लावून जखम होऊ न देणं, चमच्याने पेज भरवताना मान किती उचलायची ते. एकच जमत नव्हतं, वेणी. सासूबाईंचे केस दाट, आणि त्यांना विस्कटलेलं आवडत नसे. एका दुपारी बाबा माझ्याकडे आले, हातात नाडीचा तुकडा, एक टोक खिडकीच्या गजाला बांधायला लावलं आणि म्हणाले, "सूनबाई, तीन पेडांचं दाखव." आठवडाभर त्या नाडीवर हात बसवला. नंतर रोज सकाळी वेणी आणि तीत एक फूल. सासूबाईंना बोलता येत नव्हतं. डावा हात हलायचा. त्या हाताने वेणी चाचपायच्या आणि त्यांच्याकडे बघायच्या.

मला माहेरी वडील नव्हते. एवढंच लिहिते.

बालाघाटचा :

मी थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. माझे वडील ९१ वर्षं जगले. चौथीत शाळा सुटली. १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली, मिळेल ती सुकडी पोरांना खाऊ घातली, आणि दोन धाकट्या भावांना शिकवून नोकरीला लावलं. गावात आजही लोक त्यांचं नाव आदराने घेतात.

पण त्या शिक्षणासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या आणि कधी सुटल्या नाहीत. तिला कुणी विचारलं नव्हतं. वडील माझ्याशी कामापुरतं बोलत. दहावीचा निकाल सांगितला तर "बरं" म्हणाले आणि बैल सोडायला गेले. मला फार वर्षं वाटायचं, हा माणूस सगळ्यांचा झाला, आमचा तेवढा व्हायचा राहिला.

शेवटच्या दुखण्यात त्यांना भ्रम व्हायचा. रात्री उठून आईला शोधायचे. ती जाऊन सहा वर्षं झालेली. मला म्हणाले, "तिच्या पाटल्या आणायच्यात रं, सावकाराला सांग, सुगी झाली की देतो." म्हणजे पन्नास वर्षं ते मनात होतं. बोलले असते तर आईला ऐकता आलं असतं. माझं मन अजून निवळलेलं नाही, पण तुमच्या धाग्यात त्यांची जागा आहे असं वाटलं.

देवगडची लेक :

@बालाघाटचा, राग कसला? आमच्या आईनेही एकटीने चार पोरं, भातशेती आणि दोन बाळंतपणं निभावली. तिच्यामुळेच दादांना परळला राहता आलं. हे मी वर लिहायला हवं होतं. तुमच्या आईला माझा नमस्कार.

टपालवाल्याचा मुलगा :

माझे वडील रत्नागिरीकडे पोस्टमन होते. आज ९१ चे आहेत, ऐकू कमी येतं, पण हा धागा मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, कुपन हातात पडलं की बाया आधी पैसे मोजत नसत, आधी म्हणत, "काय लिवलंन, वाचा." शाईचा पॅड पुढे करायचा, अंगठा घ्यायचा, साक्षीदार बघायचा, हे सगळं नंतर. गणपतीआधी इतक्या मनीऑर्डरी यायच्या की ते उजाडताच निघत आणि दिवेलागणीला परतत. रोजची दहा-बारा मैलांची पायपीट, तीही पावसात.

घरी आले की ओले पाय चुलीशी शेकत आम्हाला सांगायचे, आज कुणाकडे काय आलं. रक्कम मात्र कधी सांगितली नाही. आज विचारलं, तरी मान हलवून नाहीच म्हणाले.

त्यांनी तुम्हाला एक विचारायला सांगितलंय. कुपनांवर शिक्का कोणत्या टपालघराचा आहे?

देवगडची लेक :

@टपालवाल्याचा मुलगा, काकांना सांगा, उद्या भिंग घेऊन बघते. शिक्के पुसट झालेत. मी आणि धाकटा भाऊ रोज रात्री जेवणानंतर पावती आणि कुपन जुळवत बसतो. १९६३ पर्यंत आलोय.