मदत हवी आहे – झँथन गमच्या थेंबाची टक्कर, व्हिस्कॉसिटी (दाटपणा) कोणती धरू?

मंडळी, सांगलीत एमएस्सी फिजिक्सला आहे, प्रोजेक्ट थेंबांच्या टकरीवर. तासगावकडं द्राक्षावर फवारणी करताना पानावर आधीच बसलेल्या थेंबावर दुसरा थेंब पडतो ना, तेच बघायचंय.

मेणाचा थर दिलेल्या काचपट्टीवर एक थेंब, त्याच्यावर 10 सेंमीवरून दुसरा सोडतो. व्यास अडीच मिमी, वेग साधारण 1.4 मी/से, म्हणजे पाण्यासाठी वेबर नंबर (थेंबाचा धक्का पृष्ठताणाच्या किती पट, ते सांगणारा आकडा) 68 च्या आसपास येतो. पाणी पसरतं, परत गोळा होतं, वर खांब उठतो आणि त्याचं टोक तुटून बारका थेंब सुटतो. 0.1 टक्के झँथन (पाणी दाट करणारा गम, पण द्रव जोरात सरकला की त्याचा दाटपणा कमी होतो) घातलं की पसरणं जवळजवळ पाण्याएवढंच, पण परत येताना एकदम सुस्त आणि बारका थेंब सुटतच नाही, हे फार भारी दिसतं!

ग्लिसरीन-पाणी मिसळून 10 प्रति सेकंद शिअर रेटला (द्रवाचे थर एकमेकांवर किती वेगानं सरकतात तो दर) झँथनएवढीच व्हिस्कॉसिटी जुळवून बघितली, पण ते पसरतच नाही नीट. पृष्ठताण थेंबांच्या वजनावरून काढला, झँथनचा पाण्याइतकाच आला, त्यामुळं तो मुद्दा नाही. कॅमेरा मोबाईलचा, सेकंदाला 960 फ्रेमचा, हायस्पीड मिळणार नाही. व्हिस्कोमीटर 100 प्रति सेकंदपर्यंतच जातो, पुढच्या शिअर रेटला पॉवर लॉ (व्हिस्कॉसिटी शिअर रेटच्या घातानुसार बदलते असं धरणारं सूत्र) ओढून नेतोय.

आता रेनॉल्ड्स नंबर (थेंबाचा धक्का व्हिस्कॉसिटीच्या रोधाच्या किती पट, तो आकडा) काढताना व्हिस्कॉसिटी ठरवायला शिअर रेट वेग भागिले व्यास धरू (560 येतो) का वेग भागिले पसरलेल्या थराची जाडी, जो कितीतरी जास्त येतो? आणि परतीच्या टप्प्याला वेगळी व्हिस्कॉसिटी धरली तर चालेल का?